रोमन घरातला ‘सेर्वुस’: नोकर, गडी की गुलाम?

एका हौशी नाट्यसंस्थेसाठी प्राचीन रोममधल्या श्रीमंत घरावर नाटक लिहिणाऱ्या एका लेखकाचे हे प्रश्न आहेत. घरात राबणाऱ्या माणसांना नोकर म्हणावं, दास की गुलाम? मालकाशी ती कशी बोलत असतील? मालक त्यांच्यावर जीव लावत असं वाचलं आणि त्यांना क्रूसावर चढवत असंही वाचलं, तर यातलं खरं काय? नायकाला शेवटी स्वातंत्र्य मिळून पडदा पडला, तर ते इतिहासाला धरून होईल का?

मी पंचवीस वर्षं लॅटिन शिकवतो आहे आणि रोमन शिलालेख मराठीत आणायची खटपट करतो आहे. तुमचा पहिला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण शब्द चुकला की पुढचं सगळं नाटक चुकतं. रोमन घरात राबणाऱ्या अशा माणसाला लॅटिनमध्ये ‘सेर्वुस’ म्हणत. माझ्या पहिल्या भाषांतरात मी त्यासाठी सरसकट ‘नोकर’ लिहिलं होतं. एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, इतका मार खाऊन तो नोकरी का सोडत नाही?” त्या दिवसापासून तो शब्द मी टाकला. नोकर म्हटलं की पगार आला, रजा आली, ‘उद्यापासून येत नाही’ म्हणायची सोय आली. आपल्याकडचा सालगडीसुद्धा पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला असतो. त्याचे हाल होत असतील, तो उचलीत बुडालेला असेल, पण साल संपतं. रोमन घरातल्या माणसाला पाडवा नव्हता. तो स्वतःच मालमत्ता होता. त्याचा बाजारात सौदा व्हायचा. तो मृत्युपत्रात वाटला जायचा, गहाण पडायचा, लग्नात मुलीबरोबर सासरी दिला जायचा.

‘दास’ हा शब्द अर्थाने बरोबर आहे, पण आपल्या कानाला त्यात लगेच रामदास आणि हरिदास ऐकू येतात. भक्तीने स्वतःहून पत्करलेलं दास्य आपण चांगलं मानतो, आणि तो चांगुलपणा नकळत रोमन मालकाच्या पदरात पडतो. म्हणून मी ‘गुलाम’ वापरतो. त्याला आणखी एक कारण आहे. गुलाम हा मुळात अरबी शब्द, अर्थ ‘पोरगा’. रोमन मालकही आपल्या गुलामाला ‘पुएर’, म्हणजे ‘ए पोरा’ अशीच हाक मारायचा, मग समोरचा माणूस साठीचा का असेना. जुन्या काळी गुलामाला स्वतंत्र नावदेखील नसायचं. मार्कुसचा पोऱ्या तो ‘मार्किपोर’, लुकियुसचा पोऱ्या तो ‘लुकिपोर’. पुढे नावं आली, पण तीही मालकाने ठेवलेली: फेलिक्स म्हणजे भाग्यवान, हिलारुस म्हणजे हसतमुख, ओनेसिमुस म्हणजे उपयोगी.

स्त्रियांसाठी मराठीत जुना नेमका शब्द आहे, तो बिनदिक्कत वापरा: बटीक. आज तो शिवीसारखा लागतो आणि तो तसा लागलाच पाहिजे. पेशवेकालीन कागदपत्रांत खरेदी-विक्री होणाऱ्या ‘कुणबिणी’ भेटतात, आणि मालकापासून त्यांना झालेल्या मुलांसाठी ‘लेकावळा’ हा शब्दही मराठीत होता. रोमन घरात गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला ‘वेर्ना’ म्हणत. बाप कोणीही असो, खुद्द मालक असला तरी, मूल आईच्या मालकाचं. ही व्यवस्था समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही.

आता बोलण्याचं. लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नाही. गुलाम मालकाला आणि मालक गुलामाला, दोघेही एकमेकांना ‘तू’च म्हणायचे. फरक पडायचा तो संबोधनात. प्लाउटसच्या नाटकांतले गुलाम मालकाला ‘एरे’ म्हणतात, पुढच्या काळात ‘डोमिने’ रूढ झालं. मराठीत सगळ्यांना ‘अरे-तुरे’ करायला लावलंत तर प्रेक्षकाला ती बरोबरी वाटेल आणि ते खोटं ठरेल. ‘डोमिने’साठी ‘धनी’ घ्या. त्यात स्वामित्वही आहे आणि पैशाचा मालकही आहे. ‘साहेब’ नको, तो कचेरीतला शब्द आहे. गुलामाच्या तोंडी एरवी ‘तुम्ही’ ठेवा आणि फक्त सातुर्नालियाच्या प्रवेशात त्याला ‘तू’ म्हणू द्या. हा सण 17 डिसेंबरला सुरू व्हायचा आणि त्या दिवसांत गुलामांना मालकाबरोबर किंवा मालकाच्या आधी जेवायला बसवत. होरेसच्या एका कवितेत त्याचा गुलाम दावुस याच सवलतीचा आधार घेऊन मालकाला तोंडावर सुनावतो, की खरा गुलाम तूच आहेस, वासनांचा. कविता संपता संपता मालक धोंडा शोधू लागतो आणि शेतावर पाठवून देईन अशी धमकी देतो. शेतावर जाणं ही शिक्षा होती. शहरातल्या घरात निदान पोटाला बरं मिळायचं, शेतावर कित्येकदा साखळी.

घरात माणसं किती दाखवायची? होरेस आपल्या साध्या जेवणाचं वर्णन करतो: कांद्याची पात, हरभरे, धिरडी, आणि वाढायला तीन गुलाम. तिघं म्हणजे साधेपणा! दुसऱ्या टोकाला, इ.स. 61 मध्ये रोमचा नगरपाल असलेल्या पेडानियुस सेकुंडुसच्या घरात 400 होते. इतकी माणसं असली की कामांचे बारीक बारीक तुकडे पडतात. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिविया हिच्या घरातल्या माणसांच्या रक्षापात्रांची एक मोठी सामूहिक समाधी रोमजवळ, आप्पियन रस्त्यावर, 1726 मध्ये सापडली. तिथल्या छोट्या पाट्यांवर नावांबरोबर कामंही कोरली आहेत: केस विंचरणारी, तेल चोळणारी, सुईण, लोकर तोलून वाटणारा, कपडे सांभाळणारा, मोती गुंफणारा. माझा सगळ्यात आवडता शिलालेख मात्र मुसिकुस स्कुर्रानुसचा आहे. हा सम्राट तिबेरियुसचा गुलाम, गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातला, खजिनदार. रोमला आला असताना वारला. त्याचा दगड त्याच्यासोबत आलेल्या त्याच्या स्वतःच्या गुलामांनी बसवला. सोळा नावं आहेत: व्यवहार बघणारा, खर्च सांभाळणारा, तीन लेखनिक, वैद्य, दोन आचारी, चांदीची भांडी सांभाळणारे दोघे, आणखी असेच. सोळावं नाव सेकुंडा या बाईचं. फक्त तिच्या नावापुढे काम लिहिलेलं नाही. का लिहिलेलं नसावं, याचा अंदाज प्रत्येक वाचक करतोच.

गुलामाचा गुलाम ही गोष्ट नाटकात जरूर आणा, प्रेक्षकांना ती माहीत नसते. तिच्यामागे ‘पेकुलियुम’ नावाची सोय होती. कायद्याने गुलामाचं काहीच नसे, पण मालक त्याला थोडी गाठ बाळगू देई: पैसे, जनावर, दुकान, प्रसंगी दुसरा माणूस. कागदावर ते सगळं मालकाचंच राहायचं. याच गाठीतून माणसं स्वतःची किंमत मोजून स्वतःला विकत घेत. रोमन तत्त्वज्ञ सेनेका म्हणतो, पोटाला चिमटा काढून साठवलेलं ते आपल्या सुटकेसाठी मोजून देतात. रंगमंचावर राजाचं काम करणाऱ्या एका गुलाम नटाला महिन्याला पाच मोदियुस धान्य, म्हणजे साधारण 33 किलो, आणि पाच दिनार मिळत, असंही त्यानेच लिहून ठेवलं आहे. तुमच्या नायकाच्या हिशोबाला हे आकडे उपयोगी पडतील.

आता तुमचा खरा प्रश्न, जीव लावत की जीव घेत? दोन्ही, आणि तेही एकच माणूस, एकाच घरात.

सेनेकाचंच घ्या. त्याचं सत्तेचाळिसावं पत्र गुलामांवर आहे आणि शाळा-कॉलेजात तेच शिकवतात. ‘ते गुलाम आहेत. छे, माणसं आहेत.’ मालक पोट फुटेस्तोवर जेवतो आणि गुलाम रात्रभर उपाशी, गप्प उभे. नुसता खोकला आला, शिंक आली, उचकी लागली, तरी छडी बसते. हे सगळं तो तळमळीने लिहितो. पण त्याच पत्रसंग्रहात बारावं पत्र आहे, ते फार कमी लोक वाचतात. सेनेका म्हातारपणी आपल्या गावाकडच्या वाड्यावर जातो. दारात एक थकलेला म्हातारा बसलेला असतो. सेनेका कारभाऱ्याला विचारतो, हा कोण? याला दारातच बसवलंस ते बरं केलंस, याचं तोंड बाहेरच लागलंय. रोमन घरात प्रेत पाय दाराकडे करून ठेवत, त्यावरून हा टोमणा. दुसऱ्याचं मढं उचलून आणायची हौस कशी आली तुला, असंही तो विचारतो. तेव्हा म्हातारा बोलतो: “मला ओळखलं नाहीस? मी फेलिकियो. तू माझ्यासाठी बाहुल्या आणायचास. फिलोसितुस कारभाऱ्याचा मुलगा मी, तुझा लाडका.” यावर सेनेका काय म्हणतो? याला वेड लागलंय. हा पुन्हा पोर झाला, माझा लाडका झाला? असेलही, दात पडायलाच लागलेत त्याचे.

त्या बाहुल्या म्हणजे सातुर्नालियाला द्यायच्या मातीच्या मूर्ती. एकेकाळी एकाने दुसऱ्याला खेळणी आणून दिलेली. एक सम्राटाचा गुरू झाला, दुसरा दारात बसला, आणि पहिल्याला दुसऱ्याचा चेहराही आठवला नाही. सेनेकाला त्या पत्रात स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बोलायचं आहे, फेलिकियो निव्वळ निमित्त. वर्गात हे पत्र वाचताना माझा आवाज दरवेळी अडखळतो. तुमच्या नाटकात एकच प्रसंग घ्यायचा झाला तर हा घ्या. मारहाण दाखवणं सोपं आहे, हे विसरणं दाखवणं अवघड आहे.

प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरोही तसाच. त्याचा लेखनिक टिरो इ.स.पूर्व 50 च्या नोव्हेंबरात आजारी पडून ग्रीसमध्ये मागे राहिला. सिसेरो त्याला पत्रावर पत्र लिहीत होता, एकदा तर एकाच दिवशी तीन: बरा हो, समुद्र खवळलेला असताना निघू नकोस, खर्चाकडे बघू नकोस. ही पत्रं खरी आहेत, माया खरी आहे. पण याच सिसेरोच्या ग्रंथालयातला गुलाम डियोनिसियुस पुस्तकं चोरून इलिरियाला पळाला, तेव्हा त्याला पकडून आणण्यासाठी सिसेरोने तिथल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली, आणि तीही तितक्याच आस्थेने. माया करायची की माग काढायचा हे मालक ठरवणार. आपल्याकडे वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाईला ‘अगदी घरचीच आहे’ म्हणतात ना, रोमन तर ते शब्दशः म्हणत. ‘फामिलिया’ या शब्दात गुलाम धरलेले असत, कित्येकदा तर त्याचा अर्थ फक्त घरातले गुलाम एवढाच. तो शब्दच ‘फामुलुस’पासून आलेला आहे आणि फामुलुस म्हणजे गुलाम.

नेपथ्यासाठी थोडं. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराजवळ चिविता जुलियाना इथल्या वाड्यात 2021 मध्ये एक खोली सापडली. जेमतेम 16 चौरस मीटर. राखेत लाकूड कुजून राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून तीन खाटा उभ्या राहिल्या. लाकडी चौकट आणि आडवे-उभे दोर, थेट आपली बाज. दोन खाटा 1.70 मीटरच्या, तिसरी 1.40 मीटरची, बहुधा मुलाची. खाटांखाली मडकी, कोपऱ्यात रचलेले रांजण, मध्ये लाकडी पेटी, एका खाटेवर टेकवलेला रथाचा दांडा. भिंती कोऱ्या, वर एक लहानसा झरोका. माणसं अडगळीत झोपत होती, म्हणजे सामान आधी आणि माणूस नंतर. हीच खोली रंगमंचावर उभी करा. स्वयंपाकघर पाँपेईतल्या वेट्टी बंधूंच्या घरातलं बघा: दगडी ओटा, वर निखाऱ्यांवर लोखंडी तिवया, उभ्याने स्वयंपाक. जवळच्या चौकात कुलदेवतांची रंगवलेली देवळी, खाली साप. हे वेट्टी स्वतः बहुधा मुक्त झालेले गुलाम होते आणि त्यांच्या घरात पुन्हा गुलाम होतेच.

वेशभूषेत गुलामांना एकसारखा गणवेश देऊ नका. गुलामांनी वेगळे कपडे घालावेत असा प्रस्ताव एकदा सेनेटमध्ये आला होता, पण तो बारगळला. त्यांना आपली संख्या कळली तर काय, या भीतीने. गळपट्टा मात्र एखाद्यालाच द्या. रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात मी एक बघितला आहे, उत्तरकाळातला. लोखंडी कडं, त्याला लोंबणारा काशाचा बिल्ला, बिल्ल्यावर गुलामाच्या तोंडी घातलेला मजकूर: ‘मी पळालो आहे, मला धरा. माझा मालक झोनिनुस याच्याकडे मला परत नेलंत तर सोन्याचं नाणं मिळेल.’ कडं लहान आहे. मी काचेपाशी उभा राहून नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला. त्यावर गुलामाचं नाव नाही.

हिंसेबद्दल एकच प्रसंग सांगतो. वैद्य गालेनने लिहिलं आहे, की सम्राट हाड्रियनने रागाच्या भरात लेखणी मारून आपल्या गुलामाचा डोळा फोडला. राग ओसरल्यावर त्याला बोलावून म्हणाला, हवं ते माग. गुलाम गप्प. पुन्हा विचारल्यावर म्हणाला, मला दुसरं काही नको, माझा डोळा द्या. हा तोच हाड्रियन, ज्याने मालकांचा गुलामाला जिवे मारायचा अधिकार काढून घेतला. कायदे हळूहळू आले: आजारी गुलामाला टायबर नदीतल्या बेटावर टाकून दिलं तर तो स्वतंत्र होईल, असा सम्राट क्लॉडियसचा हुकूम होता. पण न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची, ही पद्धत राहिली. स्त्री असो वा मुलगा, शरीरावर मालकाचा हक्क होता. नाही म्हणायची सोय कोणत्याही कायद्यात नव्हती. हे नाटकात सूचित तरी झालंच पाहिजे. ते गाळून मालकिणीचे नखरे आणि बटकीचा विनोद एवढंच दाखवलंत तर ती त्या माणसांवर दुसऱ्यांदा केलेली जबरदस्ती होईल.

आणि वर म्हटलेल्या त्या 400 माणसांचं काय झालं? पेडानियुसला त्याच्याच एका गुलामाने मारलं. रोमन इतिहासकार टॅसिटस दोन कारणं देतो. सुटकेची किंमत ठरवूनही मालकाने शब्द फिरवला असेल, किंवा एका मुलावरून दोघांत तेढ असेल. कायदा असा, की मालकाचा घरात खून झाला तर त्या छपराखाली असलेल्या सगळ्या गुलामांना मृत्युदंड, कारण त्यांनी त्याला वाचवलं नाही. सेनेटमध्ये वाद झाला. कासियुस नावाचा मोठा कायदेपंडित उभा राहिला आणि म्हणाला, या गर्दीला भीतीशिवाय दुसरा लगाम नाही. बाहेर शहरातली सामान्य माणसं दगड आणि मशाली घेऊन जमली होती. त्यांना हे मान्य नव्हतं. सम्राट नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले आणि चारशे जणांना नेलं. त्यात बायका होत्या, मुलं होती. ‘त्या काळात सगळ्यांना ते योग्यच वाटायचं’ असं कोणी म्हणालं की मी या मशालींची आठवण करून देतो.

राहिला शेवट. स्वातंत्र्य मिळणं इतिहासाला धरून आहे, रोममध्ये ते विलक्षण प्रमाणात मिळत असे. अधिकाऱ्यापुढे छडी टेकवून माणूस स्वतंत्र घोषित व्हायचा, डोक्यावर लोकरीची टोपी यायची, मालकाचं नाव त्याचं होऊन जायचं. टिरो इ.स.पूर्व 53 मध्ये मार्कुस टुलियुस टिरो झाला, म्हणजे थेट सिसेरोचं नाव. रीतसर मुक्त झालेला रोमन नागरिक होत असे, ही त्या काळात असाधारण गोष्ट होती. त्याच्या किमतीवर 5 टक्के कर भरावा लागायचा. नायकाचं वय मात्र जपून ठरवा. इ.स. 4 च्या कायद्यानुसार, काही अपवाद सोडता, तिशीच्या आतल्या गुलामाला मुक्त केलं तरी नागरिकत्व मिळत नसे. तेव्हा तो पस्तिशीचा ठेवा.

पण टोपी घालून तो दाराबाहेर पडला आणि पडदा पडला, असं करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच दारात मुजऱ्याला येणार आहे. धनी आता ‘पात्रोनुस’, म्हणजे आश्रयदाता, झालेला असतो. मान द्यायचा, ठरलेले दिवस काम करून द्यायचं, त्याच्यावर फिर्याद करायची नाही. आणि त्याची बायको? गुलामांना कायदेशीर लग्न नव्हतं. जिच्याबरोबर तो इतकी वर्षं राहिला ती अजून आत चुलीपाशी आहे, आणि त्यांचं मूलही धन्याचंच. पुढे कित्येक जण पै-पै साठवून आपल्या माणसांना विकत घेत आणि मुक्त करत. म्हणून समाधीच्या दगडांवर दोन शब्द जोडीने दिसतात: ‘लिबेर्ता एत कोन्युन्क्स’, मुक्त केलेली दासी आणि पत्नी. माणूस तिचा आधी मालक, मग नवरा. हे शब्द लिहिणारे सगळेच पूर्वी गुलाम होते असं नाही.

उत्तर इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सला असा एक दगड आहे. सीरियातल्या पाल्मिराहून आलेल्या बाराटेसने रेजिनासाठी बसवलेला. ती ब्रिटनमधल्याच एका जमातीची, वय 30. वेताच्या खुर्चीत बसली आहे, मांडीवर चाती, बाजूला लोकरीची टोपली. चेहरा झिजून गेलाय. लॅटिन मजकुरात ते दोन शब्द आहेत, आणि त्याखाली बाराटेसने आपल्या मायबोलीत एक ओळ वेगळी कोरून घेतली आहे. तिथे ‘पत्नी’ हा शब्द नाही: ‘रेजिना, बाराटेची मुक्ता, हाय!’